पहिली मिशन ट्रिप नेपाळला: बोलावण्यापासून परतीच्या पत्रापर्यंत

चर्चच्या तरुण संघाच्या जानेवारीतल्या बैठकीत कुणीतरी उठतं आणि म्हणतं, "यंदा मिशन ट्रिपला नेपाळला जाऊ या का?" माना डोलतात, दोघं-तिघं लगेच जॅकेटांचं बोलायला लागतात, आणि आठवड्याभरात मला फोन येतो. गेल्या बारा वर्षांत मी पाच वेळा गटाबरोबर नेपाळला गेले आहे. मिशन ट्रिप म्हणजे चर्चच्या गटानं दुसऱ्या ठिकाणी सेवेच्या कामासाठी जाणं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी इथे नीट लिहून ठेवते. मजकूर नेपाळपुरताच आहे, कारण तेवढंच मला अनुभवानं ठाऊक आहे.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या खेपेला आम्ही अकरा जण पाल्पा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो. बरोबर जुन्या कपड्यांची चार पोती. काम ठरलं होतं मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, इमारतीला रंग देण्याचं. चार दिवस आम्ही भिंती रंगवल्या, फोटो काढले, गाणी गायली. एक तरुण रोज येऊन आम्हाला रंग कालवून द्यायचा, ब्रश धुऊन ठेवायचा. निघायच्या आदल्या रात्री यजमान दिदींकडून कळलं की तो जवळच्या बुटवल शहरात रंगकामावरच पोट भरतो. पाहुणे येणार म्हणून आठवड्याची मजुरी सोडून तो गावी थांबला होता. अकरा जणांच्या प्रवासखर्चात त्याला कित्येक महिने काम देता आलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं त्या रात्रीतून आलं आहे.

पहिली पायरी: बोलावणं आहे का ते पाहा

आपल्याला जावंसं वाटलं, एवढ्यावर तिकिटं काढू नका. तिथल्या मंडळीनं किंवा संस्थेनं बोलवायला हवं, आणि अमुक कामासाठी या असं सांगायला हवं.

आपल्या महाराष्ट्राचा या बाबतीत जुना संबंध आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. 1949 मध्ये मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक डॉ. रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला नेपाळच्या पश्चिम डोंगरांत गेले. नंतरच्या खेपेला बरोबर डॉक्टर होते, तेव्हा पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनला आजाऱ्यांची रीघ लागली. इथे दवाखाना हवा हे तिथल्या लोकांनाच वाटत होतं. परवानगी मागितली गेली, मिळाली, आणि 5 मार्च 1954 रोजी आपल्या नागपुरात 'युनायटेड मिशन टू नेपाळ' स्थापन झालं. नेपाळ सरकारच्या अटी स्पष्ट होत्या: सेवा करा, नेपाळी माणसं शिकवून तयार करा, धर्मप्रसार करू नका. तानसेनचं मिशन हॉस्पिटल आजही चालू आहे. बुटवलला नॉर्वेचे इंजिनियर ऑड हॉफ्टुन यांनी 1963 मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली. तिथे पोरांना हाताला काम शिकवलं, आणि शिकता शिकता त्यांनी तिनाऊ नदीवर छोटा वीजप्रकल्प बांधला. सोनौलीहून पोखऱ्याला जाणारा रस्ता याच बुटवल आणि तानसेनवरून जातो. खिडकीतून बघत जा.

बोलावणं मिळवायचं कसं? आपल्या पाळकांमार्फत (पास्टरांमार्फत), आपल्या पंथाच्या नेपाळमधल्या मंडळ्यांमार्फत, किंवा तिथे काम केलेल्या एखाद्या नर्स-डॉक्टरमार्फत. ओळख झाली की फोनवर हे विचारा. तुमच्या गावात सध्या सगळ्यात अडलेलं काम कोणतं? ते करायला गावात माणूस नाही का? आम्ही आलो तर जेवणाखाण्याचा बोजा कुणावर पडेल? आमच्या आधी कोण आलं होतं, आणि त्यांचं काय आवडलं नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या फोनवर मिळत नाही. पाहुण्याला नाही म्हणणं नेपाळी माणसाला आपल्यापेक्षाही जड जातं. तीन-चार वेळा बोला, घाई करू नका. "तुम्ही नुसते या, बाकी आम्ही बघतो," असं उत्तर आलं तर काम ठरलेलं नाही असं समजा आणि थांबा.

ती संस्था परदेशी मदत घेत असेल तर तिथल्या समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का, हेही विचारा. आणि तुम्ही येणार, काय करणार, हे यजमानांनी पालिकेच्या वडा कार्यालयात आधी सांगून ठेवावं. वडा म्हणजे आपला वॉर्ड.

दुसरी पायरी: कायदा वाचा, गटाला वाचून दाखवा

ही पायरी गाळणाऱ्या गटाबरोबर मी जात नाही.

नेपाळ आज धर्मनिरपेक्ष राष्ट्र आहे आणि तिथे ख्रिस्ती माणसाला उपासनेची मोकळीक आहे. 2021 च्या जनगणनेत तिथे सुमारे 5 लाख 12 हजार ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या 1.76 टक्के. पण 2015 च्या संविधानाच्या कलम 26 नं दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे, आणि ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार धर्मांतर करणं, तसा प्रयत्न करणं किंवा त्याला चिथावणी देणं यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर. आपण भारतीय, व्हिसा लागत नाही, भाषा जवळची, म्हणून आपण परदेशी नाही असं वाटायला लागतं. कायद्यापुढे आपण परदेशीच.

म्हणून गटाला स्पष्ट सांगा: पत्रकं न्यायची नाहीत, रस्त्यावर किंवा शाळेत सुवार्तेची सभा घ्यायची नाही, शिबिरात आलेल्या कुणाला धर्माबद्दल विचारायचं नाही, बाप्तिस्म्याचा विषय काढायचा नाही. विश्वासणाऱ्यांच्या उपासनेत बसा, गा, पाळकांनी सांगितलं तर साक्ष द्या, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगा. काय बोलायचं ते त्यांना आधी विचारा. तुम्ही दहा दिवसांत घरी येता. तक्रार झाली तर पोलीस चौकीत त्यांना बसावं लागतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तानसेनमध्ये बाप्तिस्म्यापायी माणसं तुरुंगात गेली, आणि पोखऱ्याची पहिली मंडळी सांभाळणारे पाळक डेव्हिड मुखिया त्यांच्यात होते. त्या मंडळ्यांनी विश्वासाची किंमत मोजलेली आहे. आपण जाऊन त्यांची अडचण वाढवू नये.

कायदा नसता तरीही मी हेच सांगितलं असतं. थंडीत कांबळ घ्यायला पुढे आलेला हात "प्रार्थना नको" असं म्हणू शकत नाही. त्याच्या अडचणीत त्याच्याकडून होकार घेणं हा अन्याय आहे. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी हे विसरू नये. 1876 ते 78 च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी अहमदनगर भागात लोकांना जगवलं, त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पण "भाकरीसाठी बाटले" हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकला, आणि ज्यांनी खरोखर मनापासून ख्रिस्त स्वीकारला त्यांनाही तो ऐकावा लागला. तोच टोमणा आपल्यामुळे नेपाळातल्या एखाद्या बाईच्या वाट्याला येऊ नये. मदत आणि प्रार्थना यांची जागा वेगळी ठेवा, वेळही वेगळी ठेवा. कांबळं वाटायची तर वडा कार्यालयाच्या अंगणात वाटा, यादी त्यांची, आणि गावातल्या सगळ्या गरजूंना.

तिसरी पायरी: काम आणि माणसं

काम आधी, माणसं नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: ज्यांना सुट्टी मिळते त्यांची यादी होते आणि मग त्यांना काय जमेल त्याचा शोध सुरू होतो.

गट सहा ते आठ जणांचा पुरे. त्याहून जास्त माणसं डोंगरातल्या एका घरात मावत नाहीत, आणि त्यांचं पाणी भरायला कुणाला तरी उतारावरून दोन जास्तीच्या खेपा माराव्या लागतात. बायका-पुरुष दोन्ही हवेत. तिथे अनेक घरांतले कर्ते पुरुष आखाती देशांत नाहीतर मलेशियात कामाला आहेत, घर बाई सांभाळते, आणि तिच्या ओसरीवर फक्त पुरुषांचा घोळका जाऊन बसणं बरं दिसत नाही.

हातात कसब असलेला माणूस शोधा. आमच्या तिसऱ्या खेपेत एक प्लंबर होता, उपासनेत कधी तोंड न उघडणारा. त्यानं गावच्या नळयोजनेतल्या गळत्या काढल्याच, शिवाय गावातल्या दोन पोरांना बरोबर घेऊन धागे पाडायला, वॉशर बदलायला, व्हॉल्व्ह उघडून साफ करायला शिकवलं आणि हत्यारांची पेटी तिथेच ठेवून आला. ती पोरं आजही शेजारच्या गावांतली कामं घेतात. गवंडी, वायरमन, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, हिशेब लिहायला शिकवणारी बाई, अशी माणसं न्या. आणि एक अट ठेवा: कोणतंही काम एकट्यानं करायचं नाही, गावातला एक माणूस शेजारी हवा, आणि शेवटच्या दोन दिवशी काम त्यानं करायचं, आपण बघायचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. छपाई, विणकाम, शेती अशी कामं हाताला दिली. आपल्याला दुसरीकडे उदाहरण शोधायला नको.

बांधकाम असेल तर सिमेंट, विटा तिथल्याच दुकानातून, गवंडी गावातला, मजुरी गावातल्यांना. आपण पाट्या उचलाव्यात. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात सुमारे 9 हजार माणसं गेली. त्यानंतर घर कसं बांधायचं याचे नियम कडक झाले आहेत. हौशी हातांनी बांधलेली भिंत पुढच्या धक्क्यात कुणाच्या तरी अंगावर पडते.

आरोग्य शिबिराची फार हौस असते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. भारतीय डॉक्टरला तिथे रोगी तपासायचे तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते, आणि शिबिराला स्थानिक आरोग्य कार्यालयाची परवानगी. औषधांची खोकी इथून नेऊ नका. भन्सारवर, म्हणजे कस्टममध्ये, अडकतात, आणि न अडकली तरी तिथल्या डॉक्टरला न ओळखता येणाऱ्या नावांची असतात. एका दिवसात दोनशे रोगी तपासून रक्तदाबाच्या पंधरा गोळ्या हातावर ठेवल्या, तर सोळाव्या दिवशी त्या माणसानं काय करायचं? गटात नर्स असेल तर तिनं गावच्या स्वास्थ्य चौकीतल्या ताईंबरोबर बसावं, त्या सांगतील ते करावं. जमलं तर रोग्याला तानसेनसारख्या ठिकाणी पोहोचवण्याचा बसखर्च द्या. याचा फोटो निघत नाही, पण उपयोग सगळ्यात जास्त याचाच होतो.

बालगृह. इथे मला कळकळीनं सांगायचं आहे. "अनाथ मुलांबरोबर एक दिवस" असा कार्यक्रम कुणी देऊ केला तर नाही म्हणा. नेपाळमधली बहुसंख्य बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच आहेत, हे उगाच नाही. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कित्येकांचे दोघंही, जिवंत आहेत. दलाल डोंगरातल्या गरीब घरांत जातात, शाळेचं आमिष दाखवून मूल घेऊन येतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर धंदा चालतो. मुलं जितकी केविलवाणी दिसतील तितके पैसे जास्त. देणारे चांगल्या मनाचे असतात, म्हणूनच हे चालतं. चांगली बालगृहं आहेत, पण ती अनोळखी माणसाला एका दिवसासाठी मुलांना कडेवर घेऊ देत नाहीत. आपल्या गावच्या वसतिगृहात कुणी परका गट येऊन आपल्या भाचीला मांडीवर बसवून फोटो काढू लागला तर आपण काय करू, एवढंच मनाशी विचारा. तुमचा पैसा मुलांसाठीच द्यायचा असेल तर मूल घरी राहून शाळेत जाईल यासाठी द्या: वह्या, गणवेश, आईला शेळी, आजीच्या औषधाचा खर्च. काही वाईट दिसलं तर बाल हेल्पलाइनला कळवा. नंबर तिथेही आपल्यासारखाच, 1098.

जुने कपडे नेऊ नका. आमची चार पोती पहिल्याच खेपेला सीमेवर अर्धा दिवस अडकली, आणि दोन वर्षांनी गेले तेव्हा त्यांतली दोन मंडळीच्या मागच्या खोलीत तशीच पडलेली होती.

चौथी पायरी: पैसे

पहिल्या बैठकीतच दोन वेगळी खाती मांडा. एक आपल्या प्रवासाचं, दुसरं कामाचं. मंडळीकडून वर्गणी मागताना दोन्ही आकडे सांगा. समजा आठ जणांना माणशी 20 हजार म्हणजे प्रवासाला 1 लाख 60 हजार लागले आणि कामाला 40 हजार उरले, तर मंडळीला प्रश्न पडेल, आणि पडायलाच हवा. आमचा नियम असा आहे की प्रवास प्रत्येकानं स्वतःच्या खिशातून करायचा, आणि मंडळीची वर्गणी पूर्णपणे कामाला. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी वेगळं दान. बायबलमधल्या गरीब विधवेनं दिल्या तशा दोन टोल्यांतून, म्हणजे दमड्यांतून, कुणाचं पोखरा बघणं होऊ नये.

कामाचे पैसे कुणा एकाच्या हातात देऊ नका, पाळकांच्यासुद्धा. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून नाही. भाऊबंद मागायला येतात, आणि एकट्याला नाही म्हणता येत नाही. समितीला द्या, पावती घ्या, हिशेब मंडळीत वाचला जाईल असं ठरवा. घरोघरी जाताना कुणी हळूच आपली अडचण सांगेल, तुमचा जीव तुटेल, खिशात हात जाईल. तेव्हा थांबा. "दिदींना विचारून बघते," म्हणा आणि खरंच विचारा. एका घरी हजार दिले की शेजारच्या घरी प्रश्न उभा राहतो, आणि तुम्ही गेल्यावर त्याचं उत्तर पाळकांना द्यावं लागतं.

100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी रुपये, हा दर 1993 पासून ठरलेला आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम अनेकदा बदलले आहेत, म्हणून 100 च्याच नोटा न्या आणि सीमेवर लागतील तेवढ्या बदलून घ्या. डोंगरात फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका.

पाचवी पायरी: भाषा आणि रीत

नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे पहिल्याच दिवशी दुकानांच्या पाट्या वाचता येतात आणि आपण सुखावतो. तिथेच सावध राहा. 'शिक्षा' म्हणजे तिथे शिक्षण. 'दाइ' म्हणजे थोरला भाऊ, सुईण नव्हे. 'संसार' म्हणजे जग. जेवण वाढणारीनं "मीठो छ?" विचारलं तर ती मिठाचं विचारत नाही, चव आवडली का म्हणते आहे. पान भरतच राहील. "पुग्यो" म्हटलं की थांबतात.

वयानं मोठ्या बाईला दिदी, पुरुषाला दाइ किंवा दाजु, लहानांना भाइ, बहिनी, म्हाताऱ्यांना आमा, बुबा. 'तपाईं' म्हणजे आपण, 'तिमी' म्हणजे तू, आणि 'तँ' फार जवळच्यांत किंवा भांडणात. आपल्या तोंडी 'तू' सहज येतं, म्हणून सरसकट 'तपाईं' म्हणायची सवय लावा. "हामी सिक्न आएका हौँ", म्हणजे आम्ही शिकायला आलो आहोत, हे एक वाक्य पाठ करा. मंडळीत 'जय मसीह', गावात 'नमस्ते'.

आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, म्हणून बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच. चपला बाहेर काढा. खेड्यात बहुधा चटईवर बसतात, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मादल नावाचा ढोल वाजतो, भजनं होतात. रेव्हरंड टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर ऐकत वाढलेल्यांना तिथे परकं वाटत नाही. नवा करार नेपाळीत 1821 मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला, आणि त्याच छापखान्यातून आपला मराठी नवा करार 1811 मध्ये. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. मी हे तिथल्या मंडळीत सांगितलं तेव्हा एक आमा म्हणाल्या, "म्हणजे आपण एका आईच्या." त्यानंतर त्या घरी आम्ही पाहुणे उरलो नाही.

उष्ट्याचा विचार कडक आहे. त्याला 'जूठो' म्हणतात. आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यायचं नाही, बाटलीला तोंड लावून पाणी प्यायचं नाही, न बोलावता स्वयंपाकघरात शिरायचं नाही. देताना-घेताना उजवा हात, डावा हात उजव्या कोपराला लावून. गाय तिथला राष्ट्रीय प्राणी आहे, गोहत्या गुन्हा आहे. त्यावर चर्चा नको.

सहावी पायरी: प्रवास आणि तब्येत

पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. विमानानं जाणाऱ्या 15 ते 65 वयाच्या माणसांचं आधार कार्डावर काम होत नाही, आणि विमानतळावरून परत आलेला एक जण मी पाहिला आहे. आम्ही रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुमारे 100 किलोमीटरवर सोनौली, आणि पायी सीमा ओलांडून भैरहवा असे जातो. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा. इथून स्वतःची गाडी न्यायची असेल तर भन्सारचे कागद काढावे लागतात.

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा मार्च-एप्रिल, हे दिवस चांगले. जून ते सप्टेंबर जाऊ नका. बुटवल सोडल्यावर सिद्धबाबाचा घाट लागतो, तिथे पावसात दरडी कोसळतात. शिवाय असार, म्हणजे आषाढ, महिन्यात सगळं गाव भातलावणीत असतं, आणि तुम्ही गेलात तर लावणी सोडून तुमच्यासाठी भात रांधावा लागतो. दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, पंधरवड्यात कचेऱ्या बंद, माणसं आपापल्या घरी.

महिनाभर आधी डॉक्टरला भेटून विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लसी बघून घ्या. तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाटीवर, राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराचंही विचारा. पाणी उकळलेलं किंवा क्लोरीनच्या गोळीचं. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, साबणानं 15 मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्यायला निघा. कामाला 'उद्या' म्हणता येतं, याला नाही. पोलिसांचा नंबर 100, रुग्णवाहिकेचा 102. मधुमेह, दम्याची आपापली औषधं पूर्ण दिवसांची, चिठ्ठीसकट.

कपडे साधे, अंगभर. महागडे बूट, मोठे कॅमेरे घरी ठेवा. टॉर्च, कापूर, ओआरएस, सेफ्टी पिना, आणि प्रत्येकाची स्वतःची ताट-वाटी. ताट-वाटीचं यजमानीण बाई मनातून आभार मानते.

सातवी पायरी: तिथे गेल्यावर

शुक्रवारी पोहोचा, म्हणजे शनिवारी उपासनेत मंडळीची ओळख होते आणि रविवारी हात चालू होतात. तिथे जेवण सकाळी नऊ-दहाला आणि मग संध्याकाळी. दुपारी नुसता खाजा, म्हणजे चहा-चिवडा. आपलं दुपारचं जेवण मागू नका, पोटाला चार दिवसांत सवय होते. पहिला दिवस कामाला हात लावू नका. पाणी भरायला जा, गवताचा भारा उचलून बघा, निसणीसारख्या वाटेवर म्हाताऱ्या कशा चढतात ते बघा.

फोटो आधी विचारून. आजारी माणसाचा, अंघोळ करणाऱ्या मुलाचा, फाटक्या कपड्यांतल्या बाईचा काढायचाच नाही. आपल्या आईचा असा फोटो कुणाच्या मंडळीच्या पडद्यावर दाखवलेला चालेल का? शिबिरात आलेल्यांची नावं समाजमाध्यमांवर लिहू नका. आधीच्या कायद्याच्या गोष्टीमुळे यात यजमानांना धोकाही आहे.

मुलांना चॉकलेटं उधळू नका. वर्गासाठी काही द्यायचं तर शिक्षकांच्या हाती द्या.

वचन देऊ नका. "पुढच्या वर्षी नक्की येऊ", "तुझ्या शिक्षणाचं बघतो", हे निघतानाच्या गहिवरात तोंडून जातं. मी एका मुलीला असं म्हणाले होते. तीन वर्षांनी गेले तर ती वही घेऊन आली, माझं वाक्य तारखेसह लिहून ठेवलेली. तिच्या फीची व्यवस्था मग झाली, पण मधली तीन वर्षं ती वाट बघत होती.

रोज रात्री गटानं अर्धा तास बसावं. आज कुणाला आपला त्रास झाला, कुणाचं काम आपण हिसकावलं, हे आधी बोलावं आणि मग प्रार्थना करावी.

आठवी पायरी: परतल्यावर

पंधरा दिवसांत मंडळीत हिशेब वाचा: किती जमले, किती खर्च झाले, काय राहिलं. अहवालात "आम्ही गरिबांना आनंद दिला" असं लिहू नका. काय दुरुस्त झालं, कुणी शिकलं, आपलं काय चुकलं, ते लिहा. त्याची हिंदी प्रत यजमानांना पाठवा आणि बरोबर आहे का विचारा. फोटो छापून पाठवा. फोनवरचे फोटो म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

एकाच गावाशी निदान तीन वर्षं नातं ठेवा. दरवर्षी नवं गाव म्हणजे दरवर्षी नवा रंग, नवी भिंत. तीन महिन्यांनी एकदा फोन करा, कामाचं नाही, नुसती विचारपूस. आणि पुढच्या वर्षाचं ठरवताना हेही विचारा: आम्ही यावं, का तुम्ही याल? चौथ्या खेपेनंतर आम्ही हाच प्रश्न विचारला, आणि आमच्या प्रवासाच्या पैशांत तिथल्या दोघी जणी अहिल्यानगरला आल्या. आमच्या महिला मंडळाचा शिलाई वर्ग त्यांनी तीन आठवडे बघितला, शिकल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांतल्या थोरल्या दिदींनी आमच्या पाळकांना विचारलं, "तुमच्या मागच्या वस्तीत नळाला तीन दिवसांनी पाणी येतं. तिथे तुम्ही काय करता?" त्या वस्तीत आमच्यापैकी कुणीही कधी गेलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमचा प्लंबर आणि मी तिथे गेलो.